सोनखताचा मुकादम

त्या काळी म्युनिसिपालिटीच्या सोनखत डेपोचा मुकादम कानात अत्तराचा फाया घालून हिंडायचा. तरीही तो समोर आला की आम्ही वकील मंडळी नाकाला रुमाल लावायचो. गावचा मैला गाड्यांतून त्याच्या डेपोत जायचा. त्यावर गिरण्यांची राख आणि केरकचऱ्याचे थर देऊन तो महिनोन्महिने मुरवायचा. मग ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर बाहेर काढायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि म्हणायचा, "अजून कच्चं हाय की!" आमचे जज्जसाहेबसुद्धा पुरावा इतका बारकाईने तपासत नसत. जवळच्या होटगी गावचे मळेवाले खतासाठी गाड्या घेऊन ताटकळायचे, चिडायचे, पण कच्चा माल तो कुणालाच देत नसे.

एकदा मंगळवारच्या बाजारात मी वांगी निवडत होतो. तो शेजारी येऊन उभा राहिला. सवयीने माझा रुमाल नाकावर गेला. त्याने एक वांगं उचललं, तसंच डोळे मिटून हुंगलं आणि माझ्या पिशवीत टाकलं.

"घ्या वकीलसाहेब, लाजू नगा. तुमच्याच घरातनं आल्यालं हाय. आमी निस्तं मुरवून माघारी दिलं."

मी रुमाल खिशात घातला. वांगी इतकी सुरेख होती, की निवडायला दोन्ही हात लागत होते.