मी सरळ केलेले तीन हिवाळे

देशाचा बाजार जगासाठी नुकता खुला झाला होता तेव्हा आमच्या हैदराबादच्या कार्यालयात पहिले कॉम्प्युटर आले. डोंगराळ भागांतल्या हवामानाच्या नोंदी नीट लावून कंपन्यांना पुरवायचं काम नव्यानंच सुरू झालं होतं. माझ्या वाट्याला हिमाचलातलं एक दूरचं खोरं होतं. तिथले एक शाळामास्तर रोज सकाळी थर्मामीटर बघत, काठीनं बर्फ मोजत आणि वहीत लिहीत. हिवाळ्यात खिंड बंद, म्हणून सहा महिन्यांच्या नोंदी जूनमध्ये एकदम येत.

मास्तरांचे हिवाळे जुन्या सरासरीपेक्षा उबदार निघत. असे आकडे कॉम्प्युटर नाकारायचा. मग मास्तरांना पत्रानं विचारायचं, असा नियम होता. पण उत्तराला दोन महिने लागत आणि माझं काम तुंबलेलं. मी त्यांचा आकडा खोडून तिथे सरासरी भरत गेले. असे तीन हिवाळे मी सरळ केले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं की शाळेमागचा ओढा यंदा गोठलाच नाही. ते मी वाचलं होतं. कॉम्प्युटरमध्ये शेऱ्याला जागा नव्हती.

वर तिसऱ्या वर्षी मीच त्यांना लिहिलं, की नोंदी घरात बसून न करता बाहेर जाऊन कराव्यात.

सप्टेंबरात एक लाकडी पेटी आली. आत लोकरी मोज्यात गुंडाळलेला थर्मामीटर आणि हिंदीत चार ओळी. मी रोज बाहेर जातो, या थर्मामीटरात दोष असेल तर आपणच तपासावा, असं मास्तरांनी लिहिलं होतं.

अफझलगंजच्या बर्फवाल्याकडून मी बर्फ आणला, कुटून थर्मासमध्ये भरला आणि त्यात थर्मामीटर बुडवला. पारा शून्यावर येऊन थांबला. तीनदा केलं, तीनदा तेच.

साहेबांना सांगितलं. ते तेलुगू, वयानं वडीलधारे. फाइल मिटत म्हणाले, "छोड दो अम्मा, रिपोर्ट तो जा चुकी." मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं.

थर्मामीटर परत पाठवायचा होता, पण सोबत काय लिहावं ते सुचेना. एकदा कोठी भागातल्या पोस्टापर्यंत जाऊन पार्सल घेऊन परत आले. शेवटी 'उपकरण ठीक आहे' एवढंच लिहून पाठवलं, तोवर खिंड बंद झाली होती. तो हिवाळा मास्तरांनी थर्मामीटरशिवाय काढला. जूनच्या पाकिटात फक्त बर्फाची उंची होती आणि तापमानाच्या रकान्यात रोज एक आडवी रेघ. तक्रारीचा शब्द नव्हता. पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि तिथल्या नोंदी थांबल्या.

बऱ्याच वर्षांनी हिमनद्यांवर काम करणारी एक मुलगी त्या खोऱ्याची माहिती मागायला आली. पडद्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "मॅडम, हे तीन हिवाळे इतके एकसारखे कसे?"

"ते मास्तरांचे नाहीत," मी म्हणाले. "ते माझे आहेत."

तिनं मूळ वह्या मागितल्या. कार्यालय हलवताना त्या रद्दीत गेल्या होत्या. तिनं ती तीन वर्षं निवडली आणि पुसून टाकली.

मास्तरांना मी अजून पत्र लिहिलेलं नाही. ते आहेत की नाहीत, याची चौकशीही केलेली नाही.