घेराच्या दोरीनं मोजलेली मशीन

परवा मुलगा शिडी लावून माळ्यावर चढला आणि पोत्यात गुंडाळलेली जुनी मशीन खाली घेऊन आला. झाडं कापायची पेट्रोलची मशीन, आमच्याकडे तिला सगळे चेन सॉच म्हणतात. घरामागची वाळलेली चिंच आडवी झालीय, तिचे ओंडके त्याला स्वतःच करायचे होते.

"आई, एवढी दमदार मशीन असून आपण कटरवाल्याची वाट पाहून राहिलो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "गंजली असन."

"कायची गंजते! पेट्रोल अन् ऑइल टाकलं का चालते. उद्या सुट्टी हाय."

तो वरठीला कामाला जातो, अंगानं धट्टाकट्टा आहे. पण ही मशीन त्यानं कधी हातात धरलेली नाही. त्याच्या बापाचा गुडघा हिच्याच पायी गेला, हे त्याला माहीत नव्हतं. बाप मशीन घेऊन चिखलात घसरला, एवढंच त्याला ठाऊक. आणि घसरण्यात मशीनचा काय दोष?

ती मशीन निवडली होती मी. त्या वेळच्या मला आज भेटता आलं तर मी तिच्या कानाखाली तरी वाजवीन, नाहीतर हसून हसून खाली बसेन. पन्नाशीला टेकलेली, नवा चष्मा लावलेली, आणि लाकडातलं आपल्याइतकं पवनी ते भंडारा कुणाला कळत नाही, असं समजणारी. कारण काय? तर माझे वडील लाकडाच्या डेपोवर मोजणीला होते. डेपोत लाकूड घेरावरून मोजतात. खोडाभोवती दोरी फिरवली, दोरी फुटपट्टीला लावली, झालं. लहानपणी मी ती दोरी धरायला जायची. माझी सगळी विद्या एवढीच.

वादळात आमचा मोठा आंबा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, आडवा पडला. पाणी अडलं, धानाची रोपं लावायचा रोवणा तोंडावर आला. मशीनवाल्यांना त्या दिवसांत गावोगावची बोलावणी, कुणी मोकळा नाही. मग घरचीच मशीन घ्यायचं ठरलं. मी आंब्याला दोरी फिरवली. घेर भरला नऊ फूट. मी ती दोरी अर्ध्यात दुमडली आणि जाहीर केलं, झाड साडेचार फूट जाड आहे.

तीच दोरी पिशवीत घालून मी भंडाऱ्याच्या दुकानात गेले. मागून आमचे हे. दुकानदारानं दोरी बघितली, झाड किती फूट म्हणून विचारलं आणि मी साडेचार म्हणताच हसला.

"काकू, घेराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाडी असते. तुमचं झाड तीन फूटच भरते. अन् एका बाजूनं थोडी कापायचं हाय? इकडून कापा, तिकडून कापा, साखळीची वीस इंची पट्टी लय झाली. चालवनार कोन?"

मी यांच्याकडे बोट दाखवलं.

"मंग काकाजीले हातात धरून पाहू द्या."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, आणि तीही हसली. बस, बिघडलं तिथं. मी म्हटलं, "डेपोतल्या मानसाची पोरगी हावो मी. मले नका शिकवू. सगळ्यात मोठी पट्टी, सगळ्यात मोठं इंजिन, थेच द्या."

यांच्या उजव्या खांद्याचं दुखणं जुनंच होतं. हे माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मले झेपन का थे?"

"झेपाचं काय त्यात? कापते मशीन. तुमी फक्त धरून उभं राहा."

वा गं बाई!

पहिला दिवस झोकात गेला. खोड जाड, पट्टी त्यात पुरी बुडायची. मी धुऱ्यावर चहा घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीन कुणी पसंत केली ते सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी फांद्या कापायच्या होत्या. फांदी ती केवढी, आणि पट्टी केवढी! पट्टीचं टोक फांदीच्या पलीकडे हातभर बाहेर निघालं आणि मागच्या दुसऱ्या फांदीला लागलं. मशीन एकदम उसळली. यांच्या खांद्यानं ती आवरली नाही. पडता पडता फिरत्या साखळीनं डावा गुडघा फाडला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मशीन हातात होती, चिखलात पाय घसरला, साहेब." गावालाही तेच सांगितलं. आणि मी काय केलं? मान डोलावली. वर म्हटलं, "मी सांगतच होती, जपून पाय टाका म्हनून!"

मुलगा तेव्हा नागपूरला शिकत होता. त्यालाही तेच कळवलं. तेव्हापासून हे रोवण्याला चिखलात उतरले नाहीत. धुऱ्यावर बसून बायांना पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या फेकून देतात, तेवढंच.

तर काल सकाळी मुलानं मशीन अंगणात ठेवली, पेट्रोल भरलं आणि चालू करायची दोरी ओढायला वाकला. मी जाऊन मशीनवर पाय ठेवला.

"आई, बाजूले हो."

"बाबा घसरले नव्हते," मी म्हटलं. आणि दुकान, खांदा, फांदी, सगळं सांगितलं. माझ्या गोष्टींवर तो नेहमी हसतो. या वेळी मीही त्यात हसण्यासारखं काही ठेवलं नव्हतं.

त्यानं दोरी सोडली. मग म्हणाला, "इतके वर्ष काहून नाही सांगितलं?"

ओसरीवरून हेच बोलले. "तिले कायले इचारतं? घसरलो असं म्याच सांगतलं होतं."

"आता तरी नका वाचवू मले," मी म्हटलं.

हे चिडले. लग्नानंतर इतके चिडलेले मी त्यांना दोनदा-तीनदाच पाहिलेत. "वाचवाचा सवाल नाही. माहा गुडघा, मी काय सांगाचं थे माहं मी पाहून घेईन. तुले कोनी मोकळं व्हाले सांगतलं होतं?"

मला वाटत होतं, खरं सांगितलं की बरं वाटेल. ती गोष्ट यांची होती आणि मी ती यांना न विचारता मुलाला उचलून देऊन टाकली, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आज ते दोघं दुकानात गेले, लहान मशीन बघायला. मी विचारलं, "मी येऊ?" मुलगा म्हणाला, "नको." यांनी तर मागे वळूनही पाहिलं नाही. गुडघा पुरता वाकत नाही, म्हणून गाडीवर बसले की डावा पाय बाहेर ताठ निघून राहतो. गाडी वळेपर्यंत तो पाय मला दिसत होता.