भाई खोतांचं दर्यारक्षक दल

भाई खोतांचे पणजोबा आमच्या गावचे खोत. इंग्रजांनी त्यांना रावसाहेब केलं. पुढे कायद्यानं खोती गेली आणि भाईंच्या वाट्याला हापूसची कलमं, खाडीवरचा खाजगी धक्का आणि ताठ मान एवढंच आलं. पंचायतीच्या निवडणुकीला ते उभे राहिले, पण प्रचार केला नाही. खोतानं मत मागायचं नसतं. रापणकरांची सून किशोरी सरपंच झाली आणि भाईंची अनामत गेली.

"डोकी मोजून राज्य चालत नाही," ते पारावर म्हणाले. "गावाला शिस्त हवी. एक आवाज हवा."

कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती.

महिनाभरात दर्यारक्षक दल उभं राहिलं. बिनकामाचे दहा-बारा तरुण, काळे शर्ट, उजवी मूठ छातीवर. मासे सुकवायच्या खळ्यावर संचलन व्हायचं. शर्ट काळेच का, असं विचारलं तर भाईंची बायको, शर्मिलावहिनी, म्हणायच्या, "मळखाऊ रंग." भाषण ठरलेलं असे: काम नाही, मासळी नाही, याला परके जबाबदार. परके शोधायला लांब जावं लागलं नाही. बाबू तांडेलाच्या होडीवर कारवारकडचा मंजू नावाचा खलाशी होता. दलानं त्याला बंदरावर गाठून त्याचा हात मोडला. भाई गाडीत काचा लावून बसले होते. मंजू हात गळ्यात बांधून गावी गेला, तो परत आला नाही.

"पहिला विजय," भाई म्हणाले.

पुढच्याच हंगामात खरोखरचे परके आले. बाहेरच्या बंदरातले मोठे ट्रॉलर किनाऱ्यालगत मासळी ओरबाडू लागले, गावची जाळी फाडू लागले. आमच्या होड्या त्यांच्यावर चालून गेल्या. दगडफेक झाली, डोकी फुटली, होड्याही फुटल्या. आमच्याकडे तिला लढाईच म्हणतात. दल कुठल्या होडीत चढतंय, ते सगळे बघत होते. पण भाईंना बोट लागते, उलट्या होतात.

"आपण किनारा सांभाळू," ते म्हणाले.

मग एके सकाळी ट्रॉलरवाला शेट भाईंच्या अंगणात आला आणि वाकून म्हणाला, "राजे." भाईंनी आयुष्यभर या शब्दाची वाट पाहिली होती. आठवड्याभरात ट्रॉलरची मासळी भाईंच्या धक्क्यावर उतरू लागली, आणि गावकऱ्यांनी अडवू नये म्हणून काळे शर्ट दोन्ही बाजूंना उभे राहिले.

मासे विकणारी काशीबाई टोपली घेऊन पुढे झाली.

"भाई, हे खलाशी खंयचे?"

"पाहुणे आहेत."

"कारवारचेच मां?"

"असतील."

"मग त्या मंजूचो हात कित्याक मोडलात?"

भाईंनी तिला बाजूला करायचा हुकूम सोडला. दलातला सिद्धेश तिचाच नातू. "आजयेक हात लावू काय?" असं म्हणून तो घरी गेला. बाकीच्यांनाही जेवायची वेळ झाल्याचं आठवलं.

हंगाम संपता संपता गस्ती नौकेनं ट्रॉलर पकडले. शेटनं चौकशीत सांगितलं, खोत नावाच्या कुणाला मी ओळखत नाही. भाई हवापालटाला म्हणून वेंगुर्ल्याला बहिणीकडे गेले. गणपतीला परतले तेव्हा गाव देवळात जमलं आणि त्यांना जाब विचारला.

"मी त्यांच्यात होतो म्हणून तुमच्या होड्या वाचल्या," भाई म्हणाले. "दुसरा कुणी असता तर काही उरलं नसतं."

"वाचल्या त्या कोणाच्या, तेवढा सांगा," किशोरी म्हणाली.

भाई मग बराच वेळ घराण्याच्या इतिहासावर बोलले. एकेक जण चपला घालून निघून गेला. शेवटी पुजाऱ्यानं दिवे मालवले.

शिक्षा कुणीच केली नाही. घरात आता वहिनींचा होमस्टे चालतो. पुण्याकडचे पर्यटक येतात, आणि आपण ट्रॉलर कसे परतवून लावले, ते भाई त्यांना साद्यंत सांगतात. पाहुणे त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात. वहिनी सोलकढी वाढता वाढता म्हणतात, "जेवून घ्या, भात निवतोय."