दाजींची गोणी

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता लासलगावला दाजी वारले. कांद्याच्या एका खळ्यावर बाकड्यावर बसून ते चहा घेत होते. बाराच्या सुमारास मला फोन आला. फोन करणाऱ्याने आपले नाव निवृत्ती असे सांगितले. हे नाव मी कधी ऐकले नव्हते.

त्याला आता सात आठवडे झाले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालूताईचे यजमान. नाव प्रभाकर, वय सदुसष्ट. त्यांच्यावर लिहायचे तर आधी एक कबूल करायला हवे. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आले नाही. पहिल्यांदा आले ते एवढेच, की गाठलेच शेवटी लासलगाव... मग ताईकडे कसे जायचे हा विचार. पण क्रम हाच होता, आणि तो मला अजून टोचतो.

लासलगावचा संबंध जुना. दाजी तिथे एका कांदा व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. नाशिकरोडच्या घरातून रोज सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी अंगावर कांद्याची टरफले घेऊन परतायचे. त्या काळातले दाजी जाडजूड, कंबर धरून चालणारे आणि दिवेलागणीला हमखास चिडणारे होते. खळ्यावरच्या धुळीची तक्रार करत जेवायचे आणि शेकायची पिशवी पाठीशी घेऊन खुर्चीत बसायचे. ताई म्हणायची, यांना दोनच मित्र, एक खुर्ची आणि एक पाय ठेवायचं स्टूल. मग अकरा वर्षांपूर्वी मणक्याच्या आजाराने ताईचे कमरेखालचे अंग गेले. आम्हा सगळ्यांना वाटले, आता हे घर बसले. मी दर रविवारी जाऊन तिला काहीतरी वाचून दाखवायचो आणि खिन्न होऊन परतायचो.

घर बसले नाही. वर्ष-दीड वर्षात उलटेच झाले. दाजींचे पोट उतरले. निळे बूट आले. ते पहाटे फिरायला जाऊ लागले, जिममध्ये जाऊ लागले, स्वयंपाकघरात भांडी घासताना गुणगुणू लागले. ताईला उठवायला-बसवायला ठेवलेली बाई त्यांनी बंद केली. मी आहे ना, म्हणाले. नातेवाइकांत त्यांचा दाखला दिला जाऊ लागला. कुणी जरा उदास दिसला की म्हणायचे, प्रभाकररावांकडे बघा, बायको अंथरुणाला खिळलेली, पण माणूस कसा ताजातवाना! व्यायामाचा महिमा, दुसरं काय.

मला हा महिमा पटत नव्हता. माझी तीस वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. पुरवण्या चाळायच्या आणि कात्रणे चिकटवायची हे कामच होते. चालल्याने मन प्रसन्न राहते, घाम गाळा आणि आनंदी व्हा, असा मजकूर महिन्यातून एकदा तरी हाताखालून जायचा. माझी शंका साधी होती. आधी काय आले, हे कुणीच सांगत नाही. ज्याचे बरे चालले आहे तोच सकाळी उठून बुटाची नाडी बांधत असेल. ज्याला उठावेसेच वाटत नाही तो घरात पडून असतो. त्याला कोण विचारायला जातो? एका रविवारी मी हे दाजींना ऐकवले. फिरून आल्यावर मिसळ खायची हा त्यांचा नियम होता, आणि मला ते बळेच नेत. त्यांनी रस्सा दुसऱ्यांदा मागवला, माझा दंड दोन बोटांत धरला आणि विचारले, "मधू, हा दंड आहे का पुस्तकात घालायची खूण?" शेजारच्या टेबलावरचेही हसले. उत्तर मात्र त्यांनी दिले नाही.

माणूस उत्तर देत नाही तेव्हा संशय घट्ट होतो. शिवाय बहिणीच्या भावाची नजर वेगळी असते. माझी ताई, जिच्या चालीवरून गल्लीत लोक वेळ ओळखायचे, तिला उंबऱ्यापर्यंत जाता येत नाही. आणि तिचा नवरा आरशासमोर उभा राहून खांदे बघतो, मिशी काळी करतो! त्यांचे हसणे मला त्या घरातल्या भिंतींशी जुळत नसे. ते कुठून तरी बाहेरून आणलेले वाटे. दाजी निवृत्त झाले आणि मला वाटले तो बाहेरचा पत्ताही सापडला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते लासलगावला जायचे. पिशवीत टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड. तेवढ्यापुरती शेजारच्या वहिनींना ताईकडे बसवायचे. दुपारी परतायचे ते केस ओले, भांग पाडलेला, चेहरा उजळलेला. कशाला जाता, असे विचारले तर म्हणायचे, जुनी माणसं भेटतात. ज्या धुळीला या माणसाने तीस वर्षे शिव्या घातल्या, तिथे हा नोकरी संपल्यावर टॉवेल घेऊन जातो, हे कोणत्या पुस्तकात बसते?

आणि मग मी ती चूक केली. तीन वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार. ताईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. मध्येच थांबून मी विचारले, "ताई, दाजी तिकडे कशाला जातात, कधी विचारलंस का?" ती खिडकीकडे बघत राहिली. मी तिथेच थांबायला हवे होते. मी म्हणालो, अंघोळ करून येतात ते. मी काही वाईट म्हणत नाही... ताई म्हणाली, "पुढचं वाच." मी पुढचे वाचले.

त्यानंतर दोन आठवडे दाजी लासलगावला गेले नाहीत. मी मनात म्हटले, सापडले. तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा जाऊ लागले, पण माझ्यासमोर गुणगुणणे बंद झाले. रविवारची मिसळही बंद झाली. एकदा जिन्यात समोरासमोर आलो. चाळीस वर्षे मला अरे-तुरे करणारे दाजी म्हणाले, "मधुकरराव, तुम्ही ग्रंथपाल माणूस. पुस्तक न उघडताच त्याच्यावर नंबर घालता." आणि बाजूने उतरून गेले. पायऱ्या उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही, हेही मला तेव्हा मिरवणेच वाटले. पुढची तीन वर्षे आम्ही एकमेकांशी नीट वागलो, म्हणजे पाहुण्यांसारखे.

दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजलीला आलेल्यांनी घर भरले होते. ज्यांनी महिमा गायला होता तेच आता कुजबुजत होते, या वयात एवढा व्यायाम कशाला करायचा, हृदयावर ताण आला असणार. मला त्यांचे आधीचे पटले नव्हते, हेही पटले नाही. दुसऱ्या दिवशी दाजींची पिशवी आणायला मी लासलगावला गेलो. खरे सांगायचे तर पिशवी हे निमित्त होते. मला बघायचे होते.

निवृत्ती हमाल निघाला. साठीचा, किरकोळ अंगाचा, डोक्याला पंचा बांधलेला. खळ्यावर कांद्याचे ढीग होते, बाया कांदा निवडत होत्या, आणि एका कोपऱ्यात मोरीजवळ एक गोणी वेगळी ठेवली होती. तोंड शिवलेले, चारही कोपरे हात लागून लागून काळे झालेले. निवृत्ती म्हणाला, "ही दिवाणजींची."

त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. दहा वर्षांपूर्वी, नोकरीत असतानाच, दाजी एका दुपारी त्याच्याजवळ येऊन म्हणाले होते, मला ओझं उचलायला शिकव. हमालांनी चेष्टा केली. दिवाणजी, पेन उचला, तेवढं पुरे. दाजींनी गोणी भरून घेतली ती वजन सांगून. बावन्न किलो. कांदा सुकतो, वजन घटते, म्हणून पुढे वाळू आणि भुसा. ती सैल भरायची, कारण त्यांचे म्हणणे, जिममधल्या लोखंडाला दांडी असते, माणसाला नसते. वर्षभर रोज जेवणाच्या सुट्टीत. पहिले दोन महिने गोणी जागची हलली नाही. "लय पडले," निवृत्ती म्हणाला. "मी सांगायचो, दिवाणजी, कंबरेनं वढू नका. गुडघ्यात बसा, तिला छातीशी घ्या, श्वास सोडा, मग उठा. गोणी उचलायची नसती, आपल्यासंगं उठवायची असती." नोकरी संपल्यावरही दाजी येत राहिले. दर चार-सहा महिन्यांनी शिवण उसवून थोडी वाळू काढायचे. अठ्ठेचाळीस झाली, पंचेचाळीस झाली. शेवटची काढली त्याला महिना झाला होता. आता बेचाळीस.

ताईचे वजन कमी होत आहे हे मला माहीत नव्हते. मी दर रविवारी तिच्यासमोर बसत होतो.

मी निवृत्तीला विचारले, दाजी खूश असायचे का इथे? तो हसला. "अहो, इथं आल्यावर त्यांना ऐकायचं! गोणी उचलायचे, दहा पावलं जायचे, ठेवायचे, आन् पोरासारखं हसायचे. म्हनायचे, निवृत्ती, इथं मी कुनाचा नवरा नाय, हमाल हाय." मग थोडे थांबून म्हणाला, त्या दिवशीही पहिल्या दमात उचलली. खाली ठेवून म्हणाले, आज हलकी लागली रे. मग मोरीवर अंघोळ केली, चहा सांगितला...

परतीच्या गाडीत मी त्या वाक्यापाशी अडकलो. इथं मी कुणाचा नवरा नाही. म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. आठवड्यातून दोन सकाळी दाजी त्या घरातून सुटत होते, आणि सुटताना तिचेच वजन छातीशी धरत होते. याला काय म्हणायचे, कोणत्या विषयाखाली लावायचे, मला सुचले नाही.

ताईला सगळे सांगितले, माझी चूकही. तिने ते शांतपणे ऐकले. तिला सारे ठाऊक होते, गोणीसुद्धा. मला ठाऊक नव्हते ते तिने सांगितले. आजाराच्या पहिल्याच वर्षी, मदतीची बाई आली नव्हती त्या दिवशी, दाजी तिला उचलायला गेले आणि दोघे न्हाणीत पडले. त्यांची कंबर धरली. तास-दीड तास ती ओल्या फरशीवर पडून होती आणि हे शेजारी बसून रडत होते. शेवटी त्यांनी हाका मारल्या. शेजारच्या चार बायकांनी तिला ओढून बाहेर काढले. कुणाला सांगू नका, असे तिनेच बजावले होते. मलाही नाही.

"तू विचारलंस त्या रात्री मी यांना सांगितलं, मधूला संशय येतो," ताई म्हणाली. "दोन आठवडे हे तिकडे गेलेच नाहीत. मग मीच म्हटलं, जा बाई तुम्ही. गेला नाहीत की तुमचे हात मला जड लागतात."

मी म्हणालो, पण ते तिथे जाऊन हसायचे, ताई. तुला त्याचं काही...

"मग काय रडत उचलायला हवं होतं?" ती म्हणाली. "मधू, मला कमरेच्या वर सगळं कळतं. दयेनं उचललेलं खांद्यांना कळतं. त्या बायकांनी उचललं ते कळलं होतं. हे उचलायचे तेव्हा यांना मजा यायची. मला उचलून गॅलरीत नेताना मुद्दाम एक फेरी जास्त मारायचे. मी ओरडायचे, अहो ठेवा. म्हणायचे, थांब, अजून दम आहे." ती हसली.

आधी काय आले, हा माझा प्रश्न तसाच आहे. दाजींनी ताईसाठी सुरू केले आणि पुढे स्वतःसाठी केले, की स्वतःसाठी करता आले म्हणून ताईसाठी टिकले, हे मला ठरवता येत नाही. ती सारी कात्रणे मी पुन्हा काढून बसलो. कुठल्याही कात्रणात दोन माणसे नव्हती. एकच माणूस चालतो, घाम गाळतो आणि आनंदी होतो. मला त्यावर अजून विश्वास नाही. दाजींवर आहे. तो ठेवायला मी तीन वर्षे उशीर केला. त्या तीन वर्षांत पन्नासेक रविवार तरी असे होते, की मी त्यांच्याबरोबर मिसळ खाऊ शकलो असतो.

ताईला आता दोन बायका मिळून उचलतात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्या चांगल्या आहेत, जपून उचलतात. ताई गॅलरीत येत नाही.

निवृत्तीने गोणी टेम्पोत घालून पाठवली. मी रोज सकाळी सातला ताईकडे जातो. गोणीसमोर गुडघ्यात बसतो, तिला छातीशी घेतो, श्वास सोडतो. ताई आतून विचारते, "कुठवर आली रे?" मी खरे ते सांगतो.

गोणी गॅलरीत आहे. बेचाळीस किलोंची आहे. माझ्याकडून ती गुडघ्यापर्यंत उठते.