नऊ झाडांचा खेळ

तबकडी फेकण्याआधी बाई चपला काढून ठेवत. नीट जोडून, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. मग पदर कमरेला खोचायचा, एक पाय पुढे टाकायचा आणि फेकायची. तबकडी बहुधा भलतीकडेच जायची. संध्याकाळी आमच्या विद्यापीठाच्या आवारात फिरायला येणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर पन्नाशी उलटलेली ही अनवाणी बाई तुम्हीही पाहिली असेल. माझ्यासारखेच हसलाही असाल.

परीक्षा विभागात त्यांचं टेबल माझ्या समोर होतं. त्यांचे यजमान निवृत्त क्रीडाशिक्षक, सगळे त्यांना सर म्हणत, बाईसुद्धा. कुठल्याशा शिबिरात त्यांनी डिस्क गोल्फ, म्हणजे तबकडी फेकून टोपलीत टाकायचा खेळ, पाहिला होता. त्यातल्या साखळ्यांच्या टोपल्या आमच्याकडे कोण आणणार? सरांनी आवारातल्या नऊ झाडांना चुन्याचे पट्टे ओढले. तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची. पट्ट्याच्या झाडाला लागली की पुढचं झाड. कमीत कमी फेकींत नऊ झाडं करील तो जिंकला. कितीतरी पोरं त्यांच्याकडे हा खेळ शिकून गेली.

मग सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग माणसं. रोज चालवा, असं डॉक्टर म्हणाले, पण सर जागचे हलत नसत. बाईंनी हाताला धरलं तर हात झटकत. एकदा बाईंनी वैतागून कपाटावरची जुनी तबकडी अंगणात भिरकावली, तर सर उठून तिच्यामागे चालू लागले. दुसऱ्या दिवसापासून बाई खेळाडू झाल्या.

सर त्यांना रोज नव्याने शिकवत. "मनगट सैल सोडा, बाई. पहिल्यांदाच खेळताय का?"

"हो सर, आजच आलो," बाई आपल्या वऱ्हाडीत म्हणत.

हे दोन वर्षं चाललं.

एकदा नवीन चौकीदाराने हटकलं, "मॅडम, इथं खेळाले परवानगी हाय का?" बाई म्हणाल्या, "झाडाले इचारलं होतं. थे काई नाई म्हनलं नाई." तो बिचारा झाडाकडे पाहत राहिला.

ऑफिसात बाई अशाच बोलत, म्हणून त्यांच्या घरात काय चाललंय ते आम्हाला उशिरा कळलं. एका सकाळी त्या गालावर काळानिळा डाग घेऊन आल्या. सरांना त्या चोर वाटल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. सरांचा भाऊ अकोल्याला; तो महिन्यातून एकदा यायचा आणि केळी ठेवून जायचा. घरी सांभाळायला ठेवलेली मदतनीस सरांच्या रागाला घाबरून आठ दिवसांत पळाली. नोकरीची अजून तीन वर्षं बाकी होती. मग बाईंनी दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली.

"भाऊ, मी कुलूप लावतो," त्या मला म्हणाल्या. "आतून ते दार वाजवून राह्यते. मी फाटक लोटून येतो. काय करू, तुमीच सांगा."

मी त्यांच्या समोरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ओढून घेतला आणि मोजत बसलो.

मे महिन्यात एका दुपारी शेजारणीचा फोन आला. सरांनी मागच्या खिडकीची जाळी तोडली होती. बाई डबा उघडायच्या बेतात होत्या, तशाच उठल्या. आमचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. आम्ही पहिल्या झाडापासून निघालो. नऊच्या नऊ झाडं पाहिली. सर नव्हते. बाई हाक मारत नव्हत्या. "नाव घेतलं तं लपते ते," म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

सर सापडले पाण्याच्या टाकीमागे, अनवाणी. तळव्यांना फोड आलेले. मी जवळ गेलो तर त्यांनी दगड उचलला. "कोण आहात? पुढे येऊ नका!" पोलिसांना बोलवावं का, असं माझ्या मनात आलं. बाईंनी मला मागे सारलं. हातात तो डबा अजून होता, हे त्यांनाही तेव्हाच दिसलं असावं. त्यांनी त्याचं स्टीलचं झाकण काढलं, पदराने पुसलं आणि पुढे धरलं.

"सर, डाव तुमचा."

दगड खाली पडला. सरांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं आणि फेकलं. काय फेक होती! झाकण सपाट तरंगत गेलं आणि दूर रस्त्यावर खणखणलं. सर त्याच्यामागे लंगडत निघाले. मी पुढे धावून त्यांना माझ्या चपला घातल्या. मग बाईंची फेक, मग सरांची. अशा सत्तावीस-अठ्ठावीस फेकींत आम्ही त्यांना घरी आणलं. दारात पोचल्यावर सर म्हणाले, "बाई, आज बरा खेळलात." बाई पायरीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. ऑफिसातल्या बायका चौथ्या झाडाला, म्हणजे वडाला, दोरे गुंडाळायला गेल्या. बाई टेबलावरून उठल्या नाहीत.

"तुम्ही नाही गेलात?"

"साऱ्या जनी मांगते, मी आधी जावं, अहेव जावं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी उलटं मांगतो, भाऊ. यायनं माह्याआधी जावं. एक दिवस आधी गेले तरी चालते. झाडाजवळ जाऊन असं कसं बोलू?"

तेव्हा त्या ऑफिसचा जिना चढताना दोनदा थांबत होत्या. छातीवर हात ठेवून भिंतीला टेकत होत्या. मी म्हटलं, दाखवून या. तर म्हणाल्या, "भरती करून घेतलं तं? यायले कोनाजवळ ठेवू?" मी म्हणालो, "मी बसतो सरांजवळ." त्या हसल्या. मी ते एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो असतो तर त्या कदाचित गेल्याही असत्या. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्या ऑफिसात आल्या नाहीत. शेजाऱ्यांनी दार तोडलं. बाई स्वयंपाकघरात पडल्या होत्या आणि सर बाजूला मांडी घालून बसले होते. बाईंच्या डोक्याखाली उशी होती, अंगावर चादर होती. घरात तिसरं कोणी नव्हतं.

बाईंना हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. "भाग्याची हो, अहेव गेली," एक शेजारीण म्हणाली, आणि बाकीच्यांनी मान हलवली. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

सरांना भावाने अकोल्याला नेलं. दिवाळीनंतर मी भेटायला गेलो. भाऊ दारातच हळू आवाजात म्हणाला, "त्यायले काई समजत नाई. वहिनी गेली हे आमी सांगतलंच नाई." सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते, खूप वाळलेले. मी शेजारी बसलो. बराच वेळ ते खाली रस्त्याकडे पाहत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "माझी बायको वारली."

मी "हो," म्हणालो.

"चांगली होती." मग ते माझ्याकडे वळले. "तिचं नाव काय होतं हो?"

मी सांगितलं. त्यांनी ते सावकाश उच्चारून पाहिलं. मग पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. आतून भावाची बायको चहा घेऊन आली, तो निवून गेला, आणि मी नाव सांगत राहिलो.