तपासणीचं पाणी

"बाटलीत मुतलास का रे?"

शेटजीनं सगळ्यांदेखत इचारलं. मानवतच्या जिनिंगच्या आवारात, भर दुपारी. मी तोंड उघडायच्या आत पायातली वहाण माझ्या गालावर बसली. गाडीवाले, हमाल, सरकी वाळवणाऱ्या बाया, समदे बघायलेत. मला तर कळंनाच, झालं काय.

शेटजीला जिनिंगशेजारी सरकीच्या तेलाची गिरणी टाकायची होती. वाफेवर चालणारी. हैदराबादचा इंजिनेर म्हणला, आधी पाणी तपासू, मग त्या हिशेबानं बॉयलर आन् यंत्रं मांडू. वरचं साचलेलं पाणी नको, तळाच्या झऱ्याच्या तोंडातलं पाहिजे. जिनिंगची विहीर खोल, पायऱ्या निम्म्यात संपलेल्या. मी जिनिंगमधी हमाली करायचो, आन् बापासारखं विहिरी खांदायचं कामबी; मग मला बोलावणं आलं. ती विहीर माझ्या बापानंच खांदलेली. पाणी लागलं त्या दिवशी त्याच्या हातावर नारळ ठेवला आन् त्याला वर काढला. त्यानंतर आमच्यातल्या कुणी रहाटाला हात लावला न्हाई. आमी महारवाड्यातले.

कंबरेला दोर बांधून उतरलो. झऱ्याला बाटली धरली, भरली, वर येऊन जमिनीवर ठेवली. शेटजीचा हिशेब बघणाऱ्या मुनीमजीनं तांब्यातलं गोमूत्र तिच्यावर शिंपडलं. बाटलीच्या तोंडावर जरा जास्तच. मग बूच मारलं. मला त्याचं नवल वाटलं न्हाई. आमच्या हातचं समदं असंच घेतात. विहीर दुसऱ्या दिवशी भटाकडून शुद्ध करून घेतली.

तपासणीचा कागद आला तवा इंजिनेर म्हणला, "सेठ, पानी में पेशाब है." झऱ्यातच ही घाण असंल तर बॉयलरमधी पाणी फेसाळंल, आधी ते साफ करायला हौद बांधावे लागतील. न्हाईतर बाटलीतच कुणी काई केलं असंल. शेटजीनं झऱ्याचा इचारच केला न्हाई. बाटली भरणारा कोण, तेवढंच बघितलं.

गाल चोळत मी म्हणलो, "मुनीमजीनं गोमूत्र शिंपडलं. म्या बघितलं."

वाटलं, आता तरी काई होईल. मुनीमजी लाजलासुद्धा न्हाई. "मग? तुझ्या हातची बाटली तशीच उचलू?"

शेटजी हसला. इंजिनेरबी हसला आन् कागदाची घडी घालून खिशात ठेवली. शेटजीनं वहाण पायात सरकवली. "जा, उतर पुन्हा. यावेळी शिंपडणार न्हाई."

बस, एवढंच. माझ्या गालावर बसली त्याचं कुणी नावबी काढलं न्हाई.

लय थकलो होतो. राग यायलाबी अंगात जोर लागतो, तेवढाबी उरला न्हवता. दोर समोर पडला होता. बांधायला वाकलो आन् वाकलेलाच थांबलो. घरची चूल ह्याच जिनिंगच्या कामावर पेटते, हे ठाऊक होतं. दोर उचलून मुनीमजीच्या पायाशी टाकला.

"न्हाई उतरत."

शेटजी म्हणला, उद्यापासून फाटकात दिसू नको. दिसलो न्हाई. तो उन्हाळा आमी कण्या खाऊन काढला. बायको कधीमधी म्हणायची, तुमी उतरला असता तर काय बिघडलं असतं. मी कुदळीचा दांडा ठोकत बसायचो.

विहिरी खांदायचं काम मी अजून करतो. पण कुदळ मारायच्या आधी मालकाला सांगतो, पाणी लागलं की पयली ओंजळ माझी, आन् त्याच्यापुढं माझ्या घरची घागर हितंच भरंल. बहुतेक जण तोंड फिरवून जातात. जाऊ द्या. त्यांची विहीर त्यांनीच खांदावी.