जेवून जा

इंदिरानगरमध्ये भाड्याचं घर पाहायला गेलो, तेव्हा मालकीणबाई बॅग भरून दारातच उभ्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशी ओलांडलेल्या, नर्सची नोकरी नुकतीच सोडलेल्या. बोलताना गळ्यातला क्रूस चाचपायच्या आणि मधेच थांबून स्वयंपाकघराकडे कान द्यायच्या.

"सुरगाण्याला चाललेय, मिशनच्या दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "प्रभूचं पाचारण विशीतच आलं होतं. पण निघाले की आई हाक मारायची, 'बाळा, जेवून जा.' मी जेवायला बसायचे, ती शेजारी बसून रडायची. मग जाणं राहून जायचं."

"आता त्या कुठे असतात?"

"गेल्या वर्षी वारली." त्यांनी आवाज खाली आणला. "तरी हाक येते. दोनदा फाटकापासून परत फिरलेय. फार माया होती हो तिची. रागावली असती, तर केव्हाच गेले असते."

घरात दुसरं कुणी नव्हतं. भांडीसुद्धा देऊन टाकलेली. माझ्या हाती किल्ली देऊन त्या फाटकाकडे निघाल्या. बाहेर रिक्षा उभी होती.

तेवढ्यात माझ्या मागून, स्वयंपाकघरातून, एका म्हातारीचा मऊ आवाज आला, "बाळा, जेवून जा."

त्या फाटकाशी थबकल्या. चेहरा पांढरा पडला होता. "तुम्हाला काही ऐकू आलं?"

माझ्या अंगावर काटा आला होता. तरी मी म्हणालो, "नाही. तुम्ही निघा."

त्या रिक्षात बसल्या. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दार अडवून उभा होतो.